कृपा घेणं इतकं जड का जातं?

सांजदिवा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी ख्रिस्ती घरात वाढले. 'कृपा' हा शब्द लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की तो कानावरून नुसता वाहून जायचा. बायबलमधली पौलाची पत्रं 'कृपा व शांती' म्हणत सुरू होतात, उपासना संपताना आशीर्वादात तोच शब्द. कुणी अर्थ विचारला असता तर मी पाठ केलेलं उत्तर दिलं असतं, की आपली लायकी नसताना देवाने आपल्यावर केलेलं प्रेम. उत्तर बरोबरच आहे. पण ते मला कधी लागू पडलं नव्हतं, हे कळलं एका वहीमुळे.

माझी धाकटी बहीण आणि मी सात वर्षं बोलत नव्हतो. आई गेली तेव्हा तिच्या दोन बांगड्या सापडेनात, आणि मी चार माणसांसमोर बहिणीला म्हणाले, शेवटच्या दिवसांत तूच होतीस तिच्याजवळ. एवढंच. ती काही बोलली नाही, चपला घातल्या आणि गेली. मागच्या वर्षी मिस्टरांचा अपघात झाला. मी तिला कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयसीयूच्या बाहेर येऊन बघते तर बाकावर ही बसलेली, मांडीवर पिशवी. "तू घरी जाऊन झोप," म्हणाली. त्यापुढे एकोणीस रात्री ती तिथे बसली. डिस्चार्ज मिळाल्यावर गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून वारांप्रमाणे डबीत लावून दिल्या, आणि तेव्हापासून रोज सकाळी तिचा मेसेज यायचा, भावोजींनी गोळी घेतली का?

आणि मी काय केलं, तर तिसऱ्या दिवसापासून एक वही केली. डाव्या बाजूला तिने केलेला खर्च, औषधं, तपासण्या, गाडीभाडं, तारखेसकट. उजवी बाजू कोरी, परत दिले की लिहायला. मला वाटायचं मी चोख वागतेय. एक दिवस पेन शोधताना तिला ती वही सापडली. उभ्याउभ्याच पानं उलटली तिने. मग म्हणाली, "ताई, रात्री कुठे लिहिल्यास? एकोणीस बसले मी. त्यांचे किती लावलेस?" टोमणा नव्हता तो. डोळे भरले होते तिचे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट वाचतेय. बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायातली, उधळ्या मुलाची, तुम्हा बहुतेकांना माहीत असेल. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग घरी जाऊन काय बोलायचं ते तो मनात जुळवतो. त्याचे तीन भाग आहेत. मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. मला तुमच्या एखाद्या नोकरासारखं ठेवा. पुढे बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत येऊन मिठी मारतो, तिथे तो पहिली दोन वाक्यं बोलतो. तिसरं बोलतच नाही. बाप मध्येच नोकरांना सांगतो, चांगला झगा आणा. इतकी वर्षं वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं की ते तिसरं वाक्य म्हणजे वही आहे. नोकर ठेवा म्हणजे रोजच्या मजुरीतून मी फेडत राहीन, तुमचा माझ्यावर काही उपकार राहणार नाही. बाप नेमकं तेच ऐकून घेत नाही.

तुम्हाला कृपा देणं अवघड वाटतं की घेणं? कुठल्याही धर्माच्या माणसाने लिहा, किंवा कुठलाच न मानणाऱ्यानेही.

वाटसरू_दूरचा

ताई, वाचून थांबलो थोडा वेळ. मी ख्रिस्ती नाही म्हणून साधा प्रश्न विचारतो. दया, क्षमा आणि कृपा यात फरक काय? आम्ही तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. 'कृपया रांगेत उभे राहा' यातली कृपा तर काहीच नाही.

पानोपानी

@वाटसरू, मला जमेल तसं सांगतो. शिक्षा होणार होती ती टळली तर दया. तू केलेलं मी धरून बसणार नाही, ही क्षमा. कृपा या दोन्हीच्या पुढे जाते. शिक्षा टाळून, चूक सोडून, वर जे कधीच तुझं नव्हतं ते तुला देते. बापाने मुलाला नुसतं घरात घेतलं असतं तर ती दया झाली असती, पण त्याने झगा दिला, बोटात अंगठी घातली, पायात जोडे घातले.

मूळ शब्द बघा. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, तिथे शब्द आहे 'खारिस'. देणगी, मर्जी, सौंदर्य, आणि आभार सुद्धा, सगळं त्या एका शब्दात येतं. देणाऱ्याच्या मनात जे असतं त्याला आणि घेणाऱ्याच्या तोंडून जे निघतं त्याला एकच नाव, हे मला फार सुंदर वाटतं. जुन्या करारात हिब्रू शब्द दोन, 'खेन' म्हणजे मर्जी आणि 'हेसेद' म्हणजे दिलेल्या शब्दाला धरून राहणारं प्रेम, समोरचा कसाही वागला तरी न सुटणारं. दावीद राजा झाल्यावर विचारतो, शौलाच्या घराण्यात कुणी उरलंय का, मला त्याच्यावर हेसेद करायचंय. शौल म्हणजे आधीचा राजा, दावीदाच्या जिवावर उठलेला माणूस. त्याचा नातू सापडतो, मफीबोशेथ, दोन्ही पायांनी अधू, आणि तो घाबरत घाबरत येतो कारण जुन्या राजाच्या वारसाला नवा राजा बोलावतो तो बहुतेक मारायलाच. दावीद त्याला आजोबांची सगळी जमीन परत देतो आणि कायमचं आपल्या पंगतीला बसवतो. त्याचा बाप योनाथान दावीदाचा जिवलग मित्र होता, त्याला दिलेल्या शब्दासाठी हे सगळं. मफीबोशेथने स्वतः काहीही कमावलेलं नव्हतं.

निशिगंधा

सांजदिवा, घेणं अवघड. हजारदा घेणं.

आपली भाषाच बघा ना. उपकाराचं ओझं, उपकार फेडणं, उतराई होणं, कुणाचं मिंधं न राहणं. सगळे शब्द देण्याघेण्याचे, वजनाचे. आईवडिलांचे उपकार फिटत नाहीत असं म्हणतो तेव्हाही ते फेडायचेच होते, फक्त रक्कम मोठी निघाली, असाच सूर असतो. पण त्याच भाषेत आभार मानायला उभा राहिलेला माणूस म्हणतो 'आपल्या ऋणात राहायला मला आवडेल'. गुळगुळीत झालेलं वाक्य आहे, मी स्वतः दहादा म्हटलंय. तुमचा लेख वाचून पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. फेडायचं नाही, राहायचं, आणि ते आवडून. आणि 'चूक पदरात घ्या' म्हणतो ते पण. म्हणजे चूक समोरच्याने आपल्याच पदरात घ्यायची, मोजायची नाही.

थोरला

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी त्या गोष्टीतला दुसरा मुलगा आहे. शेतात राबणारा. आमच्या घरात धाकटा सगळं उडवून बाहेर गेला, अकरा वर्षांत फोन मोजून चार, वडिलांचं अंग पुसणं, रात्री कूस बदलणं, डायपर, डॉक्टर, कर्ज, सगळं मी आणि माझ्या बायकोने केलं, आणि तो शेवटच्या महिन्यात आला तर वडिलांनी त्याचा हात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, आला रे हा. तोंडावर असं हसू मी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. त्यामुळे चर्चमध्ये ती गोष्ट वाचतात आणि सगळे त्या बापाचं कौतुक करतात तेव्हा मला उठून बाहेर जावंसं वाटतं. कृपा उधळ्याला मिळते, आणि जो नीट वागला त्याला काय, तर उपदेश.

येशूच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत पण तेच, मत्तयाचा २०वा अध्याय. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाच वाजता आलेल्यालाही एकच दिनार. राबलेले कुरकुर करतात आणि मालक उलट त्यांनाच विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझा पोटशूळ उठतो का. मला तरी ते मजूर बरोबर वाटतात.

रात्रपाळी

थोरला दादा, राग कशाला मानू. मी नर्स आहे, अशा घरांतले थोरले रोज बघते. कागदांची फाइल धरून उभे असतात आणि त्यांना कुणी बस म्हणत नाही.

एकच दाखवते. बाप धाकट्यासाठी बाहेर धावला हे सगळे सांगतात. पण त्याच रात्री तो दुसऱ्यांदा बाहेर आला, मेजवानी सोडून, थोरल्यासाठी. विनवण्या केल्या असं लिहिलंय. आणि थोरला काय म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली. ग्रीकमध्ये तिथे गुलामी करणं याच अर्थाचं क्रियापद आहे. म्हणजे धाकट्याला नोकर व्हायचं होतं आणि थोरला घरात राहून स्वतःला गुलाम समजत होता. बापाला दोघांपैकी कुणाकडूनच काम नको होतं. तो थोरल्याला सांगतो, बाळा, तू सदोदित माझ्याजवळ आहेस, जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. उपदेश नाही हो तो. मग थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलंच नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

तुम्ही वडिलांचं अंग पुसलंत ते वाया गेलं असं कृपा म्हणत नाही. ते मजुरीसाठी नव्हतं, इतकंच. असतं तर तुम्ही अकरा महिन्यांतच सोडलं असतं.

थोरला

हं. अंगणात थांबते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. विचार करतो.

नाव_नको

माझा पहिलाच प्रतिसाद आहे इथे. हे सगळं फार गोड वाटतंय वाचायला, पण माझ्या बाबतीत हाच शब्द हत्यारासारखा वापरला गेला. नवरा मारायचा. मी चर्चच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे गेले तर ते म्हणाले, देवाने तुझ्यावर एवढी कृपा केली, तू नवऱ्यावर कर, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला सांगितलंय. मी परत गेले. तीनदा गेले. चौथ्यांदा हात मोडला तेव्हा शेजारणीने मला तिच्या घरी नेलं. आता सांगा, कृपा कोणाची होती?

सांजदिवा

तुमच्या शेजारणीची.

तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक होतं. मोघम बोलत नाही. सत्तर वेळा सात ज्या अध्यायात आहे, मत्तय १८, त्याच अध्यायात त्याच्या थोडं आधी लिहिलंय की कुणी तुझा अपराध केला तर त्याला जाऊन स्पष्ट सांग, नाही ऐकलं तर दोघातिघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्यांपुढे आण, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज. म्हणजे मंडळीने तुमच्या बाजूने उभं राहून त्याला जाब विचारायचा होता. त्यांनी नंतरचं अर्धं पान तुम्हाला वाचून दाखवलं आणि आधीचं त्याला दाखवलंच नाही. मनातून एखाद्याचा हिशोब सोडून देणं वेगळं आणि त्याच्या हाताखाली परत जाऊन राहणं वेगळं. पहिलं तुम्हाला कधी जमलं तर जमेल, त्याची कुणी घाई करू नये. दुसरं तर कुणी मागूच नये.

पानोपानी

@नाव_नको, यावर मंडळीत पूर्वीपासून भांडणं झालीत. पौलाने रोमकरांच्या पत्रात स्वतःच प्रश्न घातलाय, कृपा वाढावी म्हणून आपण पाप करतच राहायचं काय? आणि स्वतःच ठणकावून सांगितलंय, कधीच नाही. जर्मनीत डीट्रिख बोनहोफर नावाचे पाळक होते, हिटलरच्या राजवटीला उघड विरोध केलेले, त्यांनी १९३७ साली 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा म्हणजे स्वस्त कृपा, आणि ती मंडळीची वैरीण आहे असं त्यांचं म्हणणं. नाझींनी ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिली, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. तुम्हाला ज्या कृपेच्या नावाने परत जायला सांगितलं गेलं ती ही स्वस्त कृपा, आणि किंमत मात्र तुम्ही मोजलीत.

थोडं अवांतर, पण या एका शब्दावरून मंडळी दुभंगली आहे. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा ख्रिस्ती साधक म्हणायचा माणूस मनात आणलं तर स्वतःच्या बळावर चांगला वागू शकतो, ऑगस्टिन नावाचा बिशप म्हणायचा ते मनात येणं सुद्धा कृपेनेच होतं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेत पेलागियसची मतं नाकारली गेली. १५१७ मध्ये जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथरने पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं पैसे घेऊन विकण्यावर बोट ठेवलं, आणि त्यातून वाद पेटला की तारण, म्हणजे पापातून सुटका, नुसत्या कृपेने आणि विश्वासाने, की त्यात माणसाच्या कर्मांचाही वाटा. कॅथलिकांनी १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपलं उत्तर दिलं, की सुरुवात कृपेनेच होते पण माणूस तिला होकार देऊन तिच्याबरोबर चालतो. माणसं जिवाला मुकली यावरून. आणि मग ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन, म्हणजे ल्यूथरच्या परंपरेतले, आणि कॅथलिक एकत्र बसले आणि सही केली, की आपल्या कुठल्याही गुणामुळे नाही तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे आम्ही दोघंही मानतो. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण हे वाक्य दोघांनी मिळून लिहायला साडेचारशेच्या वर वर्षं गेली. दोन बहिणींची सात वर्षं त्यापुढे मला फार वाटत नाहीत.

नाव_नको

मत्तय १८ काढून वाचला. आधीचं अर्धं पान खरंच आहे तिथे. मला कुणी दाखवलं नव्हतं.

निशिगंधा

त्याच अध्यायाच्या शेवटी कर्जबुडव्या चाकराची गोष्ट आहे. त्याचं देणं दहा हजार तालान्त. एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि तो पाया पडून म्हणतो काय, मला वेळ द्या, मी सगळं फेडीन! राजा वेळ देत नाही, कर्जच सोडून देतो. बाहेर पडल्या पडल्या हा दुसऱ्या चाकराचा गळा धरतो, शंभर दिनारांसाठी. मला लहानपणी वाटायचं हा दुष्ट आहे. आता वाटतं त्याने सुटका मनातून घेतलीच नव्हती, त्याच्या डोक्यात अजून फेडायचंच चाललं होतं, म्हणून वसुलीला निघाला. जो घेत नाही तो देऊ पण शकत नाही, असं काहीसं.

सांजदिवा, एक विचारू? तुम्ही बहिणीची माफी मागितलीत का? लेखात ते कुठेच आलं नाही.

सांजदिवा

विचारलंत ते बरं झालं. दोन दिवस मी या प्रश्नाकडे बघतेय.

नाही मागितली. आणि एक गोष्ट मी वर लिहिली नाही. बांगड्या सापडल्या होत्या. आई गेल्यावर वर्षभराने, तिच्या गोधडीच्या उसवलेल्या शिवणीत, रुमालात गाठ मारून ठेवलेल्या. तिनेच ठेवल्या असणार, शेवटी शेवटी ती वस्तू लपवून ठेवायची. तो रुमाल तसाच माझ्या कपाटात आहे. सहा वर्षं. ती आयसीयूच्या बाहेर बसली तेव्हाही मला माहीत होतं, आणि म्हणूनच वही केली, हे मला इथे लिहिताना आत्ता कळतंय. पैसे चुकते केले की ते दुसरं सांगावं लागणार नाही असं कुठेतरी वाटत होतं.

रात्रपाळी

ताई, तुम्हाला येशूच्या शिष्याचं, पेत्राचं सांगते, मला रात्रपाळीत फार आठवतं ते. येशूला पकडून नेलं त्या रात्री महायाजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, थंडी असते, पेत्र तिथे शेकत उभा असतो, आणि त्या रात्री तीनदा म्हणतो मी त्याला ओळखत नाही. योहानच्या शुभवर्तमानात त्या विस्तवासाठी जो शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात दोनच वेळा येतो. दुसऱ्यांदा येतो पुनरुत्थानानंतर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्यावर, समुद्राकाठी. पहाटेची वेळ, येशूने कोळशाचा विस्तव केलाय, त्यावर मासळी ठेवलीय, आणि पेत्राला तो आधी जेवायला घालतो. प्रश्न नंतर. माझ्यावर प्रीती करतोस का, असं तीनदा विचारतो, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय. तो विषय टाळला नाही येशूने. झाकून ठेवलेलं तसंच राहू देणं म्हणजे कृपा नाही. पण आधी जेवू घातलं.

तुमच्या बहिणीने तर आधीच एकोणीस रात्री विस्तव पेटवून ठेवलाय.

पानोपानी

पौलाने करिंथकरांस लिहिताना म्हटलंय, प्रीती अपकार स्मरत नाही. तिथलं ग्रीक क्रियापद खात्यावर मांडणं, जमेस धरणं या अर्थाचं आहे, वहीखात्यातलं. रोमकरांच्या पत्रात तो तेच क्रियापद घेऊन म्हणतो, काम करणाऱ्याच्या नावावर मजुरी मांडली जाते ती कृपा म्हणून नाही, देणं म्हणून. एवढंच सांगायचं होतं. जा ताई, सांगा तिला.

थोरला

सांजदिवा, मी त्या बाजूचा माणूस आहे, ज्याचं देणं राहिलंय तो. धाकटा जर मला येऊन म्हणाला असता की दादा, तू एकट्याने केलंस ते मला माहीत आहे, तर मला पैसे नको होते. एवढं वाक्य पुरलं असतं. सांगून टाका.

सांजदिवा

पाच दिवसांनी येतेय. काल सांगितलं.

ती डबीत पुढच्या आठवड्याच्या गोळ्या भरत होती. मी रुमाल तिच्यासमोर ठेवला, गाठ तशीच. सोडायची गरज पडली नाही, आईचा रुमाल ओळखला तिने. "सापडल्या का," म्हणाली आणि गोळ्या भरत राहिली. गुरुवारच्या कप्प्यापर्यंत आली आणि विचारलं, "कधी?" मी म्हटलं, सहा वर्षं झाली. मग हात थांबला तिचा.

मला वाटलं होतं ती मिठी मारेल. खरंच वाटलं होतं, हे सगळं इथे वाचून. तसं झालं नाही. ती खूप रडली, आणि मग चिडली, मी तिला असं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं, सहा वर्षं ताई, म्हणत राहिली, माझ्या मुलांना मावशी नव्हती सहा वर्षं, आणि तुझ्या कपाटात हे होतं. मी काही बोलले नाही. माफी मागितली, एकदाच, कारणं न सांगता. ती बांगड्या न घेता निघून गेली. शुक्रवार, शनिवार, रविवार रिकामे राहिले होते डबीत.

रात्री झोप आली नाही. मी वही काढली आणि फाडायला घेतली, मग फाडली नाही, कारण ते पण पुन्हा माझंच काहीतरी करणं झालं असतं. तशीच ठेवली टेबलावर. प्रार्थना सुद्धा धड झाली नाही, नुसती बसून राहिले.

आज सकाळी सव्वासातला फोन वाजला. मेसेज होता.

भावोजींनी गोळी घेतली का?